सात दिवस पाणी

नानांनी तो खांब पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो उभा नव्हता. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये, ट्रॅक्टरच्या मागे, जुन्या ताडपत्रीवर तीन तुकड्यांत पडलेला होता. नाना त्याच्याजवळ उकिडवे बसले, खिशातून किल्ली काढली आणि काँक्रीटवर ठिकठिकाणी वाजवू लागले. वरच्या तुकड्यातून ठण्ण आवाज आला. मधल्या तुकड्यातून एका बाजूला नुसतं बद्द.

"इथं आतली सळई गंजलीय," ते म्हणाले. "कुठल्या सालचा म्हणालीस?"

"१९२८."

"मग बरा राहिलाय."

माझे वडील सार्वजनिक बांधकाम विभागात मैलकुली म्हणून लागले आणि मुकादम म्हणून निवृत्त झाले. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. रस्त्याचा ठरावीक तुकडा ज्याच्या ताब्यात असतो तो मैलकुली. खड्डा पडला की मुरूम-खडी टाकून तो बुजवायचा, बाजूपट्ट्या भरायच्या, पावसाळ्याआधी गटारं मोकळी करायची, पडलेलं झाड बाजूला करायचं आणि मैलाचे दगड रंगवायचे. देशात किलोमीटर आले, दगडांवरचे आकडे बदलले, तरी माणसाच्या हुद्द्यातला मैल तसाच राहिला. नानांचा तुकडा पुणे-नाशिक रस्त्यावर, संगमनेरजवळच्या चंदनापुरी घाटाच्या बाजूला होता. लहानपणी शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्याबरोबर जायची. पांढऱ्या अंगावर पिवळं डोकं म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवं डोकं म्हणजे राज्य महामार्ग, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

त्यामुळे माझ्या मुलाने ईगल स्काउट होण्यासाठी जे काम निवडलं, ते नाना इकडे असतानाच व्हावं असं मी मनात धरलं होतं. स्काउटांमधली ही सगळ्यात वरची पायरी. अठरावं वर्ष पूर्ण व्हायच्या आत मुलाने समाजाच्या उपयोगाचं एक काम स्वतः आखून, माणसं जमवून, तडीस न्यायचं असतं. आधी प्रस्ताव लिहायचा, ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांची सही, तुकडीच्या प्रमुखाची सही, समितीची सही, मग जिल्हा पातळीवरची सही. सगळ्या सह्या होईपर्यंत फावडं उचलायचं नाही. मुलगा सोळा वर्षांचा होता. त्याने निवडलं होतं लिंकन हायवे या जुन्या रस्त्याचा मोडलेला खांब पुन्हा उभा करणं.

आम्ही सीडर रॅपिड्समध्ये राहतो. १० ऑगस्ट २०२० ला इथे डेरेचो नावाचं वादळ झालं. सरळ रेषेत, भिंत पुढे सरकावी तसं येणारं वारं. सगळ्यात जोराचा झोत ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास होता असा अंदाज नंतर आला. शहरातली निम्म्याहून जास्त झाडांची सावली एका दुपारी गेली. बेंटन काउंटीतल्या एका खडीच्या रस्त्यालगत मोठं मेपलचं झाड पडलं ते थेट या खांबावर. शेजारच्या शेतकऱ्याने तुकडे उचलून शेडमध्ये ठेवले आणि तीन वर्षं सांभाळले. खांबावरचं काशाचं गोल पदक त्याने वेगळं पुसून, फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. असली पदकं चोरीला जातात हे त्याला माहीत होतं.

पदकावर लिंकनचा एका बाजूने दिसणारा चेहरा आहे आणि भोवती इंग्रजीत लिहिलंय. मी नानांना मराठीत सांगितलं : हा महामार्ग अब्राहम लिंकन यांना अर्पण.

नाना जरा थांबले. "आपल्याकडं लोकार्पण असतं. रस्ता लोकांना अर्पण. इथं माणसाला?"

मग मी त्यांना शेडमध्ये बसूनच सगळी हकीकत सांगितली, मुलगा मध्ये मध्ये भर घालत होता. १९१२ साली इंडियानापोलिसचा कार्ल फिशर नावाचा उद्योजक उठला आणि म्हणाला, पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत मोटारीसाठी एक सलग रस्ता हवा. मोटारीच्या दिव्यांचा धंदा होता त्याचा, इंडियानापोलिसची शर्यतीची धावपट्टी उभारणाऱ्यांपैकीही तो एक. सरकारकडे पैसा नाही, तर मोटार, टायर आणि सिमेंटवाल्यांनी वर्गणी द्यावी असा त्याचा बेत. हेन्री फोर्डने नकार दिला, रस्ते सरकारनेच बांधले पाहिजेत म्हणाला. पॅकार्ड कंपनीच्या हेन्री जॉयने मात्र हा विचार उचलला आणि रस्त्याला लिंकनचं नाव सुचवलं. १ जुलै १९१३ ला लिंकन हायवे असोसिएशन स्थापन झाली आणि त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला रस्ता लिंकनला अर्पण झाला. वाटेवरच्या गावागावांत त्या रात्री शेकोट्या पेटल्या, मिरवणुका निघाल्या. न्यू यॉर्कचा टाइम्स स्क्वेअर ते सॅन फ्रान्सिस्कोचं लिंकन पार्क, ३,३८९ मैल. वॉशिंग्टनमधलं लिंकनचं संगमरवरी स्मारक खुलं झालं १९२२ मध्ये. म्हणजे हे मातीचं स्मारक त्याच्या नऊ वर्षं आधीचं.

मातीचंच. कारण अर्पण झाला तेव्हा बहुतेक रस्ता कच्चा होता आणि आयोवात तर पाऊस पडला की चाकं आसापर्यंत रुतायची. त्या चिखलाला इथे गंबो म्हणतात. १९१९ साली सैन्याचा मोटारींचा तांडा वॉशिंग्टनहून सॅन फ्रान्सिस्कोला गेला, तो बहुतेक याच रस्त्याने, आणि त्याला ६२ दिवस लागले. त्या तांड्यात आयसेनहॉवर नावाचा एक तरुण अधिकारी होता. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर देशभर द्रुतगती मार्गांचं जाळं त्याच्याच काळात मंजूर झालं.

नानांना सगळ्यात आवडली ती 'सीडलिंग माइल'ची, म्हणजे रोपाच्या मैलाची, गोष्ट. गावापासून लांब, दोन्ही बाजूंना चिखल असलेल्या ठिकाणी मुद्दाम एकच मैल पक्क्या काँक्रीटचा करायचा. सिमेंट कंपन्यांनी दिलेलं. पहिला असा मैल १९१४ मध्ये इलिनॉयमधल्या माल्टाजवळ झाला. लोक चिखलातून धडपडत येणार, एक मैल गाडी अशी सुळकन जाणार, आणि पुन्हा चिखल. मग आपोआप गावोगावचे लोक मागणी करणार, आमचाही रस्ता असाच हवा.

"वाण दाखवलं म्हणायचं," नाना म्हणाले. रोपाचा मैल या शब्दाचा याहून चांगला अर्थ मला आजवर कुणी सांगितलेला नाही.

खांबांचा संबंध शेवटाशी आहे. १९२६ मध्ये सरकारने रस्त्यांना नावांऐवजी क्रमांक द्यायचं ठरवलं. लिंकन हायवेचा मोठा भाग झाला यू. एस. ३०. नाव पुसलं जाणार हे स्पष्ट दिसत होतं. संघटनेने १९२७ च्या अखेरीस आपलं कामकाज आवरतं घेतलं, पण जाता जाता एक गोष्ट केली. काँक्रीटचे सुमारे ३,००० खांब ओतून घेतले आणि १ सप्टेंबर १९२८ या एकाच दिवशी देशभरच्या बॉय स्काउटांनी ते रस्त्याच्या कडेला रोवले. दिशादर्शक म्हणून लावले असते तर क्रमांकांच्या नव्या पद्धतीत अडचण आली असती, म्हणून ते लिंकनचं स्मारक म्हणून लावले गेले. लाल, पांढरा, निळा पट्टा, मधल्या पांढऱ्यात निळा एल, आणि खाली ते पदक.

"म्हणजे पोरांनी रोवलेत," नाना म्हणाले. त्यांनी खांब चारी बाजूंनी न्याहाळला. "पोरांची नावं कुठं आहेत?"

नव्हती. आपल्याकडच्या कोनशिलांवर मंत्र्यांपासून सरपंचांपर्यंत वीस नावं असतात आणि खडी फोडणाऱ्याचं एकही नसतं, याची नानांना सवय होती. पण इथे तर कुणाचंच नाही, फक्त लिंकन. मुलाने नंतर वाचनालयात जाऊन १९२८ च्या सप्टेंबरातली स्थानिक वर्तमानपत्रं फिल्मवर पाहिली. तीन दुपारी घालवल्या. स्काउटांनी खांब बसवले एवढंच एका कोपऱ्यात मिळालं, नाव एकाचंही नाही. आमच्या नोंदवहीत त्याने ते कात्रण चिकटवलं आणि खाली आपल्या तुकडीतल्या प्रत्येक मुलाचं नाव लिहिलं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आता कामाचं.

पहिला पेच जागेचा. इथल्या इतिहासप्रेमी मंडळींपैकी एक आजोबा, ज्यांनी आयुष्यभर या रस्त्याचा अभ्यास केलाय, त्यांचं म्हणणं होतं की मूळ खांब गावातल्या संग्रहालयात ठेवावा आणि रस्त्यावर साच्यातून काढलेली नवी प्रतिकृती लावावी. त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. मूळ खांब आता फार थोडे उरलेत, काही लोकांच्या अंगणात गेलेत, काही चोरीला गेलेत. मुलगा गोंधळला. त्याने घरी येऊन नानांना विचारलं. नाना म्हणाले, "दगड रस्त्याचा आहे. रस्त्यावरच पाहिजे. पण पदक चोरीला जाईल म्हणतोयस, तर तेवढं आत ठेवा." शेवटी तसंच ठरलं. मूळ खांब दुरुस्त करून जागेवर, त्यावर पदकाची नक्कल, आणि मूळ पदक संग्रहालयात काचेआड. ते अभ्यासक आजोबा आणि नाना यांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी त्या दिवशी दोघं शेडमध्ये तासभर खांबाच्या डोक्यावरून हात फिरवत उभे होते.

दुसरं, काउंटीच्या रस्ते विभागाची परवानगी. रस्त्याच्या हद्दीत काहीही रोवायचं तर अर्ज, नकाशा, मापं. अभियंत्यांनी एकच अट घातली : खांब जुन्या जागेपेक्षा काही फूट मागे, म्हणजे गाडी रस्त्यावरून घसरली तर त्यावर आदळू नये. नानांना हे लगेच पटलं, मला पटायला वेळ लागला. मला तीच, नेमकी तीच जागा हवी होती. "अगं, माणूस मेला तर दगडाचा काय उपयोग," ते म्हणाले, आणि विषय संपला.

तिसरी गोष्ट मी स्वतः चुकवली आणि त्यात एक आठवडा गेला. इथे कुठेही खड्डा खणायचा असेल तर आधी ८११ वर कळवावं लागतं. मग वीज, गॅस, पाणी, टेलिफोन या कंपन्यांची माणसं येऊन जमिनीखालच्या आपापल्या तारा-नळांवर खुणा करून जातात. लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, नारिंगी टेलिफोनच्या तारा, निळा पिण्याचं पाणी. मी शुक्रवारी संध्याकाळी कळवलं आणि शनिवारी सकाळी बारा मुलं फावडी घेऊन हजर. शनिवार-रविवार मुदतीत धरत नाहीत हे मी वाचलंच नव्हतं. मुलाने सगळ्यांना परत पाठवलं. सोळा वर्षांच्या मुलाने आपल्या मित्रांसमोर "आज काम होणार नाही, माझी तयारी अपुरी होती" असं म्हणणं, आणि चूक खरं तर त्याच्या आईची असणं, हे मला अजून टोचतं. त्याने माझं नाव घेतलं नाही.

पुढच्या शनिवारी नारिंगी झेंडे लावलेले दिसले. आमच्या खड्ड्यापासून हाताच्या अंतरावर टेलिफोनची तार जात होती.

खड्डा चार फूट खोल. आयोवात हिवाळ्यात जमीन साडेतीन फुटांपर्यंत गोठते, आणि गोठलेली माती फुगते. पाया त्याच्या वर राहिला तर दोन-तीन हिवाळ्यांत खांब उचलला जातो, तिरका होतो. मुलं आळीपाळीने खणत होती. दोन फूट, अडीच फूट गेलं तरी माती काळीच. नाना काठावर बसून मुठीत घेऊन पाहत होते. आपल्याकडे चांगल्या रानातसुद्धा एवढं खाली गेल्यावर मुरूम लागतो. "हिच्यात चिखल होणार नाही तर काय," ते म्हणाले. लिंकन हायवेवरच्या त्या सगळ्या रुतलेल्या गाड्या त्यांना त्या मुठीत दिसल्या असाव्यात.

खांब जोडायचं काम शेडमध्ये आधीच झालं होतं. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते. मधल्या तुकड्याचा बद्द वाजणारा भाग आम्ही छिन्नीने काढला, सळई तारेच्या ब्रशने लख्ख होईपर्यंत घासली, गंजरोधक लावला. तुटलेल्या दोन्ही तोंडांत समोरासमोर भोकं पाडून स्टेनलेस स्टीलच्या कांड्या बसवायच्या आणि इपॉक्सी या कडक होणाऱ्या गोंदाने सांधायचं. मोठं ड्रिल चालवायचं काम मोठ्या माणसांचं, हा आमच्या तुकडीचा नियम. इपॉक्सी लावायच्या आधी नानांनी तुकडे कोरडेच जुळवून बघायला लावले. एकदा नाही, चार वेळा. चौथ्यांदा त्यांनी खिशातून ओळंबा काढला. हो, ते संगमनेरहून सामानात ओळंबा घेऊन आले होते. दोर सोडला आणि तो स्थिर व्हायची वाट बघत राहिले. सगळी मुलंही गप्प झाली. वरचा तुकडा करंगळीच्या जाडीएवढा बाहेर होता. लेव्हलच्या बुडबुड्यात ते कुणालाच दिसलं नव्हतं, कारण खांबाचं जुनं अंगच जरा ओबडधोबड आहे. एक भोक मोठं करून घेतलं, पुन्हा जुळवलं, मग इपॉक्सी.

उभा करायच्या दिवशी खड्ड्याच्या तळाशी खडी, त्यावर खांब, चार बाजूंनी लाकडी टेकू, आणि मग पिशव्यांतलं तयार काँक्रीट कालवून ओतलं. मुलांनी कडेने कांडीने ठासलं. दुपारी दोनपर्यंत सगळं आटोपलं. फोटो झाले, पिझ्झा आला.

नाना म्हणाले, "आता पाणी."

कुणाला कळेना. पिशवीवर लिहिल्याप्रमाणे पाणी तर घातलं होतं. मी समजावलं : पाया ओतल्यावर सात दिवस ओला ठेवायचा असं नाना म्हणतायत. तुकडीतले एक वडील बांधकामातच काम करतात. ते म्हणाले, एवढ्या लहान कामाला गरज नाही, फार तर प्लास्टिक झाका. नानांनी मान हलवली, वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी मला बागेच्या दुकानात नेऊन गोणपाट घेतलं. पायाचा जमिनीवर दिसणारा भाग आणि खांबाचे नवे सांधे यांभोवती ते गुंडाळलं, सुतळीने बांधलं.

ऑगस्टचा महिना. घरापासून ती जागा पंचवीस मैल. सात दिवस रोज संध्याकाळी मी कामावरून आले की नाना दारात कॅन घेऊन उभे. पंचवीस मैल जायचं, गोणपाट भिजवायचं, पंचवीस मैल परत. पहिल्या दोन दिवशी मी मनातून वैतागले होते हे कबूल करते. तिसऱ्या दिवशी मुलगा आपणहून आला. चौथ्या दिवशी तो शेतकरी वाट बघत थांबला होता. त्याने विचारलं, हे काय करता? मुलाने त्याला नीट सांगितलं, की काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, सिमेंट पाण्याशी मिळून घट्ट होतं, आणि उन्हाने आधीच पाणी उडालं तर वरचा थर कच्चा राहतो. हे सगळं त्याला आजोबांनी गाडीत सांगितलं होतं. पाचव्या दिवशी आम्ही पोहोचलो तर गोणपाट आधीच ओलं. दुपारीही ऊन असतं म्हणून शेतकऱ्याने दोन वेळा पाणी मारलं होतं.

त्या संध्याकाळच्या फेऱ्यांत नाना जितकं बोलले तितकं मी त्यांना आयुष्यात बोलताना ऐकलं नव्हतं. मक्याच्या दोन्ही भिंतींमधून खडीचा रस्ता, सूर्य समोर, आणि ते सांगतायत : बाहत्तरच्या दुष्काळात आई आणि ते दोघं खडी फोडायला जायचे, रस्त्याच्या कामावर सुकडी मिळायची, तिची चव. त्याच कामावरून पुढे त्यांना मैलकुलीची नोकरी लागली. आपण फोडलेली खडी कुठल्या रस्त्यात, कुठल्या वळणाखाली आहे, हे त्यांना अजून माहीत आहे. घाट रुंद झाला तेव्हा त्यांनी रंगवलेले दगड कुठे गेले कुणास ठाऊक. त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. "कुणाला विचारायचं," एवढंच म्हणाले.

आठव्या दिवशी गोणपाट सोडलं. नानांनी किल्लीने सांधे वाजवले. ठण्ण.

रंगाचं काम शेवटी. ओल आत कोंडून राहणार नाही असा खास काँक्रीटचा रंग आणला होता. लाल आणि निळा पट्टा मुलांनी चिकटपट्टी लावून रंगवला. एल साठी साचा कापलेला होता, पण पृष्ठभाग खडबडीत असल्यामुळे रंग साच्याखाली पाझरत होता. तुकडीच्या प्रमुखांनी नानांकडे पाहिलं. मुलाने ब्रश त्यांच्या हातात दिला. त्यांनी ब्रशचे केस बोटांनी चपटे केले, डावा हात खांबावर टेकवला, त्यावर उजवा मनगटापाशी ठेवला, आणि वरून खाली एका ओढीत उभी रेघ. मग आडवी. कडा अशी धारदार, जशी मी लहानपणी किलोमीटरच्या दगडांवर पाहिली होती. नानांना इंग्रजी अक्षरं वाचता येतात, पण लिहायची वेळ फारशी आली नव्हती. एल मात्र त्यांनी शेकडो वेळा काढला असेल, बांधकाम खात्याच्या पाट्यांवर.

ऑक्टोबरात व्हिसाची मुदत संपत आली, नाना परत गेले. विमानतळाच्या वाटेवर त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं : पहिला हिवाळा गेला की जाऊन बघायचं. सगळं काही पहिल्या हिवाळ्यात कळतं.

मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर मुलगा आणि मी गेलो. सामानात ठेवायला विसरलेला, किंवा मुद्दाम ठेवलेला, नानांचा ओळंबा आमच्याकडेच राहिला होता. मुलाने दोर सोडला, वारं होतं म्हणून अंगाच्या आडोशाने धरला. खांब सरळ होता. सांध्यावरून त्याने नख फिरवलं, कुठे अडकलं नाही. चारी बाजूंचे फोटो काढले आणि तिथूनच नानांना पाठवले. तिकडे रात्र होती, तरी दहा मिनिटांत त्यांचा आवाजातला निरोप आला.

"रंग बसलाय. बुडाशी मागच्या बाजूला गवत आलंय, ते काढा. मुळं पायात जातात."

आम्ही फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. मागच्या बाजूला, पायाच्या कडेला, बोटभर हिरवं होतं. मुलगा गुडघ्यावर बसला आणि उपटायला लागला.